लाल दोऱ्याचा बाण

माझ्याकडे सहा बाण आहेत आणि सहाही लाकडाचे. चार सागाचे, घराच्या जुन्या दाराची चौकट काढली तेव्हा तिच्यातून चिरून घेतलेले. एक शिसवाचा. आणि सहावा, ज्याच्या पिसांच्या बुडाशी लाल दोरा गुंडाळलाय, तो माझ्या कापूस पिंजायच्या धनुकलीच्या दांड्यातून निघालेला.

आम्ही पिंजारी. चाळीस वर्षं मी ती मोठी धनुकली खांद्यावर टाकून पुणतांब्याहून निघायचो आणि दुसऱ्या गावाच्या वेशीत शिरलो की तिची तात छेडायचो. टंव्, टंव् असा आवाज गेला की बायका जुन्या गाद्या-उशा अंगणात आणून टाकायच्या. पुढे पिंजायची मशिनं आली, मग फोमच्या गाद्या आल्या. धनुकली खुंटीला लागली आणि एका उन्हाळ्यात तिचा दांडा मधोमध तडकला.

माझी नात उझ्मा संगमनेरला कॉलेजात शिकते. तिथल्या धनुर्विद्येच्या संघात ती आहे. एका सुट्टीत ती तिचं धनुष्य घरी घेऊन आली. कार्बनचे बारा बाण होते, सगळे एका मापाचे, एका वजनाचे. तिनं मला धरायचं कसं, ओढायचं कसं ते दाखवलं. मी चार बाण सोडले. छान गेले. पण पाचवा हातात घेतला तेव्हा तो आणि आधीचा यांत काही फरकच कळेना. दांडा तडकलेली धनुकली समोरच भिंतीवर होती. दुसऱ्या दिवशी मी तिचा धडका भाग कापून तासायला बसलो.

धनुष्य उझ्मानं तिचं जुनं मला देऊन टाकलं, बाण माझे मी केले. लाकडाचा बाण करायला सोपा नाही. काडी गोल करायची, मग एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून बघायचं. वाक दिसला की चुलीच्या धगीवर फिरवायची आणि अंगठ्यानं दाबत दाबत सरळ करायची. पिसं मेहताबच्या कोंबड्यांची. तो चिकन विकतो, पंखांची पिसं माझ्यासाठी बाजूला ठेवतो. एका बाणाला तीन पिसं लागतात आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची लागतात. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून माझे पहिले दोन बाण हवेत भांबावल्यासारखे गेले. टोकाला लोखंडी टोपी. त्या टोप्या बन्सी वेल्डिंगवाल्यानं करून दिल्या.

आणि एवढं करूनही सहा बाण सहा तऱ्हेचे. सागाचा पहिला सरळमार्गी. दुसरा सकाळी दव पडलं की वाकतो, त्याला रोज समजूत घालावी लागते. शिसवाचा जड, लवकर खाली येतो. लाल दोऱ्याचा अंगानं मवाळ आहे. दोरीनं ढकललं की तो जरा जास्त लवतो आणि उजवीकडे, थोडा खाली जातो. त्याला डावीकडे धरून सोडायचा. हे ओळखायला मला एक पावसाळा गेला, पण तो कंटाळवाणा गेला नाही. रोज संध्याकाळी सहा ओळखीच्या माणसांशी बोलून आल्यासारखं वाटायचं.

घरामागे माझी जागा आहे, पंचवीस-तीस पावलांची. टोकाला आडव्या लाकडावर मी मोठं तागाचं पोतं टांगलं, दोन पोती जोडून शिवलेलं, आत जुना कापूस. पोत्यामागे मातीचा ढीग, उजवीकडे झाडून लोटून स्वच्छ अंगण, डावीकडे सहादेवचा घास. सहादेव माझा शेजारी. आम्ही दोघंही सत्तरीचे. त्याच्या दोन गाई आहेत आणि घासाचा तो तुकडा त्यांच्यासाठीच.

पहिल्या दिवशी तो बांधावर येऊन उभा राहिला.

"नबीभाई, गाद्या भरायच्या सोडून आता शिकारीला निघाले का?"

"शिकार नाही. पोत्याला मारतो."

"पोत्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" मग हसू आवरून तो म्हणाला, "मारा, पर एक सांगतो. माझ्या घासात एक बी बाण राहता कामा न्हाई. गाय खिळा गिळती, थुंकीत न्हाई."

ते मला पटलं. गाईला दाताखाली निवडून खाता येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून मी नेम केला. सहा सोडायचे, सहा मोजून घ्यायचे, आणि मगच धनुष्याची दोरी उतरवायची. दीड वर्ष हा नेम मोडला नाही.

मोडला तो गेल्या माघात, एका गुरुवारी.

त्या दिवशी दुपारी मला वेळ होता, म्हणून मी पोतं खाली काढून उसवलं. दीड वर्षाच्या माऱ्यानं आतला कापूस आवळून दगड झाला होता. ठिकठिकाणी गाठी. त्या मला बघवेनात. लहान धनुकली अजून शाबूत आहे, ती उतरवली आणि मधला एक गोळा काही केल्या फुटेना, तो सोडून सगळा कापूस पिंजून काढला. दोन तासांत ढग झाला ढग. मग पोतं पुन्हा भरलं, उजव्या बाजूची शिवण सुतळीनं घातली आणि टांगलं. फुगून कसं गोल गरगरीत दिसत होतं. उझ्मा सुट्टीला आलेली होती, ती म्हणाली, "दादा, यावर तर झोप येईल."

संध्याकाळी मी सहा बाण सोडले. पाच पोत्यात निम्मे-निम्मे रुतले होते. सहावा, लाल दोऱ्याचा, दिसेना. तो सोडला तेव्हा उजेड कमी झाला होता आणि तो कुठे गेला ते डोळ्यांना दिसलं नव्हतं. मातीच्या ढिगावर पाहिलं, अंगणात पाहिलं. नव्हता. मग उरला घास, गुडघाभर उंच. आम्ही दोघांनी कडेकडेनं हात फिरवला. तेवढ्यात मगरिबची अजान झाली.

"उद्या उजेडात बघू," उझ्मा म्हणाली.

मी दोरी उतरवली. पाचच बाण होते आणि मी दोरी उतरवली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परवेझची गाडी दारात उभी. परवेझ माझा पुतण्या. त्याच्या मुलीची मंगनी कर्जतला होती आणि घरातल्या सगळ्यांना जायचं होतं. गाडीत बसल्यावर वाटलं, सहादेवला फोन करावा. मग वाटलं, तो हसेल, चार लोकांत सांगेल, म्हातारा बाण हरवून मंगनीला गेला. दोन दिवसांनी परत येतोच आहे. फोन केला नाही.

परत आलो रविवारी सकाळी, नऊच्या सुमाराला. सहादेवच्या गोठ्यासमोर जनावरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल उभी होती. तांबू, त्याची तांबडी गाय, आठ महिन्यांची गाभण, मान टाकून बसली होती. पुढ्यात घास तसाच पडलेला. सहादेवची बायको आक्काबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"कालपासून तोंड लावलं न्हाई भाऊ," ती मला म्हणाली. "रवंथ बी बंद हाय."

मी बांधाकडे पाहिलं. माझ्या पोत्याच्या बाजूचा घास कापलेला होता. तीन वाफे, अगदी बुडापासून.

तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. सगळं सांगितलं, गुरुवारचा बाण, अजान, परवेझची गाडी, न केलेला फोन. सहादेव माझ्याकडे बघत राहिला. सहादेव गप्प बसला असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आक्काबाईच बोलली. "म्हंजी शुक्रवारी ह्यो घास बारीक करताना कुट्टी मशीनचं पातं खांडलं ते..." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर तरुण होते पण शांत. त्यांनी लोखंड ओळखायचं यंत्र गाईच्या छातीखाली फिरवलं. ते वाजलं.

"लगेच घाबरू नका," ते म्हणाले. "आपल्याकडे अर्ध्या गाईंच्या पोटात हे वाजतं. एखादा जुना खिळा, तार, काहीतरी असतंच, आणि बसून राहतं. हे जुनं लोखंड आहे का तुमच्या बाणाचं टोक, ते यंत्र सांगत नाही. किती मोठं टोक?"

मी बोटाचं पेर दाखवलं. "पुढून अणकुचीदार."

"ते आत असेल तर थांबता येणार नाही. काळजाकडे सरकतं. पोट उघडावं लागेल. आठवा महिना आहे, वासराची खात्री देणार नाही, गाईचीही पूर्ण देणार नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आणि नसेल तर हे साधं अपचन आहे. कोवळा घास जास्त झालाय. तेल पाजलंय, औषध दिलंय, सुटेल. बाबा, तुमचा बाण अख्खा सापडला तर मला चाकू काढायचं कारण नाही. मी बारापर्यंत थांबतो. त्यापुढे नाही."

साडेनऊ झाले होते.

आम्ही शोधायला लागलो. उझ्मानं जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून कापलेल्या वाफ्यांतून ओढलं. त्याला एक खिळा, दोन बाटलीची बुचं आणि विळ्याच्या मुठीवरची हरवलेली लोखंडी कडी चिकटली. आक्काबाई उरलेली कुट्टी सुपात घेऊन पाखडत होती. एखादं पीस, लाल दोऱ्याचा तुकडा, लाकडाची ढलपी, काहीही. मी उभ्या घासात गुडघ्यांवर रांगत सगळ्या सऱ्या पाहिल्या. सहादेव माझ्या शेजारच्या सरीत होता. एकदा फक्त म्हणाला, "फोन करायचा हुता ओ, नबीभाई." त्यानं चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सव्वाअकरा झाले. डॉक्टरांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवायला सांगितलं.

मी बाण सोडायच्या जागेवर येऊन उभा राहिलो, कारण आणखी कुठे जावं ते सुचत नव्हतं. उझ्मा धनुष्य घेऊन आली.

"दादा, त्या दिवसासारखाच एक बाण सोडून बघा. कुठे जातो ते बघू, म्हणजे त्या दिशेनं शोधता येईल. आम्ही तसंच करतो."

"तुमचं बरं आहे, तुमचे बारा एकसारखे," मी वैतागून म्हणालो. "यातला कुठला सोडू? हा सरळ जाईल, हा खाली येईल. तो लाल दोऱ्याचा तर..."

आणि थांबलो.

लाल दोऱ्याचा डावीकडे जातच नाही. दीड वर्षात एकदाही गेला नव्हता. हात हलला, वारा आला, काही झालं तरी तो जाणार उजवीकडे आणि खाली. घास डावीकडे आहे. आम्ही दोन तास तिथे रांगत होतो, जिथे तो बाण जाऊच शकत नाही.

मग दुसरी गोष्ट आठवली. आवाज. बाण पोत्यात बसला की थप् वाजतो. घासात गेला की सळसळ होते, ढिगात गेला की कच्च. गुरुवारी सहाव्या बाणाचा मला काहीच आवाज आला नव्हता. काहीच नाही. आणि आवाज गिळणारी एकच वस्तू मला माहीत आहे, तिच्यात माझा जन्म गेलाय. पिंजल्या कापसाच्या खोलीत माणूस ओरडला तरी दाराबाहेर ऐकू जात नाही.

मी पोत्याकडे गेलो. पळत गेलो म्हणा. उजवीकडे, जरा खाली, तिथेच माझी सुतळीची शिवण होती. बाहेरून भोक दिसत नव्हतं. पोतं दाबून पाहिलं. हाताला मऊच लागलं. खिशातल्या चाकूनं टाके कापले आणि हात आत घातला. कोपर गेलं, खांदा गेला. कापूस, कापूस, कापूस. मग बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. पीस.

बाण बाहेर काढला तेव्हा त्याला पांढरी दाढी आली होती. लाल दोरा जागेवर, तिन्ही पिसं जागेवर, टोकाला लोखंडी टोपी.

"सहादेव!" मी ओरडलो. "सहादेव, बाण! अख्खा हाय, अख्खा!"

तो घासातून आला. बाण त्यानं माझ्या हातातून घेतला, टोपीवर अंगठा फिरवला, ती हलवून बघितली, घट्ट आहे ना. आणि तिथेच मातीत बसला. पाय पसरून. जरा वेळानं त्यानं डोक्याची टोपी काढून तोंड पुसलं. मीही त्याच्या शेजारी बसलो. आक्काबाई सूप घेऊन धावत आली, बाण पाहिला, आणि हसता हसता तिला रडू आलं.

डॉक्टरांनी पातेल्याखालचा गॅस स्वतः बंद केला. "आता पाणी ठेवलंच आहे तर चहा टाका," ते म्हणाले.

चहा होईपर्यंत सहादेवला वाचा फुटली.

"पर मला एक सांगा. दीड वर्ष बाण पोत्यातून बाहेर दिसायचे. आताच पार आत कसा गेला?"

यातून सुटका नव्हती. मी खाली मान घालून सांगितलं की गुरुवारी कापूस पिंजला. गाठी बघवल्या नाहीत. गाठी होत्या म्हणून तर बाण अडत होते, हे ध्यानातच आलं नाही. बाकीचे पाच मधल्या न फुटलेल्या गोळ्यात अडले. हा शिवणीच्या फटीतून सरळ ढगात गेला.

सहादेवनं कप खाली ठेवला. "अवो, ते निशाण हाय का नवरीची गादी?"

डॉक्टरांच्या नाकात चहा गेला.

"चाळीस वर्षं कापूस पिंजला," सहादेव आता थांबणार नव्हता, "आन् मारायच्या पोत्याला बी सोडलं न्हाई! उशी द्यायची हुती संगं. पांघरूण घालायचं हुतं!"

"बोला," मी म्हणालो. "आज काय वाट्टेल ते बोला." खरंच सांगतो, त्याचं ते बोलणं कानांना इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

दोनच्या सुमाराला तांबूनं मोठी ढेकर दिली. नंतर शेण टाकलं, आणि आक्काबाईनं ते असं पाहिलं जसं काही घरात पेढे आलेत. मग तांबूचा जबडा हळूहळू हलायला लागला. आम्ही सगळे गोठ्याच्या दारात उभे राहून एका गाईचं रवंथ करणं बघत होतो आणि कुणालाच घरी जावंसं वाटत नव्हतं. कुट्टी मशीनच्या तळाला गारगोटीचा फुटका तुकडा मिळाला. पातं त्यानं खांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं पुन्हा उसवलं. धनुष्य आणि बाण तोवर आत कपाटावर ठेवून दिले होते; सहादेव स्वतः म्हणेपर्यंत हात लावायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं. फुललेला कापूस बाहेर काढला, त्यात जुनी लुगडी, चिंध्या आणि फाटक्या गादीतले गोळे मिसळले आणि पायांनी तुडवून भरायला लागलो. जीव जात होता माझा. हात आपोआप गाठ सोडवायला जायचे.

सहादेव बांधावरून आला. त्यानं वहाणा काढल्या, पोत्याच्या तोंडाला धरून आत उतरला आणि लेझीम खेळल्यासारखा नाचायला लागला.

"ती गाठ राहू द्या! हात लावू नका! आक्के, इकडं ये, बघ, नबीभाईनं जन्मात पयल्यांदा गाठी ठेवल्या!"

आक्काबाई गोठ्यातून ओरडली, "माझ्या गाद्या भरायच्या आदी हे त्यांना शिकवू नगा म्हनावं!"

पोतं टांगून झाल्यावर सहादेवनं त्यावर बुक्की मारली आणि हात झटकला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाण कुठं हायेत?"

"आत."

"आना की. पोतं काय वाळवनाला टांगलंय व्हय?"

मी सहाही आणले. दोरी चढवली. पाच मी सोडले. थप्, थप्, पाचही तिथेच उभे राहिले, निम्मे बाहेर. सहावा लाल दोऱ्याचा होता. सहादेव माझ्या खांद्याशी उभा राहून त्याच्याकडेच बघत होता.

"हाच व्हय तो उजवीकडं जानारा?"

"हाच."

"द्या इकडं."

मी त्याला धनुष्य दिलं, खांदे कसे ठेवायचे ते सांगितलं. बैलाचा कासरा धरावा तसं त्यानं धनुष्य धरलं. "पोत्याच्या डाव्या कडेवर धरा," मी म्हणालो, "तो आपला आपण मध्ये येईल." दोरी सुटली. बाण लवत, जरा डुलत गेला, उजवीकडे वळला आणि पोत्याच्या पार खालच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

थप्.

"आयला," सहादेव म्हणाला. "सांगितल्यावानी गेला की!"

तो स्वतःच चालत गेला. एकेक बाण ओढून काढताना मोठ्यानं मोजत होता. सगळे बाण छातीशी धरून तो परत आला तेव्हा मी सवयीनं दोरीला हात घातला होता.

"सहा झाले मोजून," तो म्हणाला आणि लाल दोऱ्याचा बाण त्यातून वेगळा काढला. "पर दोरी उतरवू नका एवढ्यात."